न मागितलेला दाखला

वहिनींनी पीएच.डी.साठी अर्ज केला तेव्हा त्यांचं एम.ए. अजून पुरं व्हायचं होतं, आणि यात त्यांची काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे ज्याने त्याने त्यांनाच बोल लावला. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, आधी हातातलं तर संपव." विद्यापीठातल्या खिडकीमागचे बाबू म्हणाले, "एवढी घाई कसली होती?" जिला घाई करायला लावली तिलाच वर घाईचं कारण विचारायचं, ही लोकांची जुनी खोड आहे.

घाई अशी होती, की शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ज्या संशोधन संस्थेत वहिनींना जायचं होतं, तिथे पंचेचाळिशी गाठलेल्या माणसाला प्रवेशच नव्हता. त्या वयानंतर माणसाला नवीन काही सुचत नाही, असं तिथल्या समितीने एकमताने ठरवलं होतं. त्या समितीत साठीच्या आतलं कुणीही नव्हतं, ही गोष्ट वहिनींना अर्ज भरायच्या आधीपासून खटकत होती. पुढच्या वर्षी अर्ज निघतील तेव्हा वहिनींची पंचेचाळिशी झालेली असणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अर्जात 'पदव्युत्तर निकाल लागायचा आहे' असा एक चौकोन होता, त्यात खूण केली की एम.ए. चालू असतानाही अर्ज करता येत होता. वहिनींनी खूण केली. इथपर्यंत सगळं नियमात होतं.

इमारतीतले सगळेच त्यांना वहिनी म्हणत, अगदी त्यांच्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. त्यांचा विषय होता जिना. समाजशास्त्रात त्याला लांबलचक नाव होतं, ते एम.ए.च्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तीन ओळी खाऊन बसलं होतं. पण मुद्दा एवढाच, की माणसं जिन्यात उभं राहून जे बोलतात ते घरात बसून बोलत नाहीत, आणि इमारतीत लिफ्ट आली की ते बोलणं जातं कुठे. यासाठी वहिनी वर्षभर तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर स्टूल टाकून बसल्या होत्या. सुरुवातीला त्या दिसल्या की लोक गप्प व्हायचे. मग हळूहळू नोंदीसाठी म्हणून बोलायला लागले. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा तर "लिहून घेताय ना?" असं आधी विचारून मगच सुनेबद्दल बोलायला सुरुवात करायचे. त्यांच्या सुनेने वहिनींशी बोलणं टाकलं होतं. शास्त्रासाठी माणसाला एवढं सोसावं लागतं, पण घरात कुणाला त्याचं काही नव्हतं.

घरात होते सोबतराव. हे वहिनींचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ते कारकून होते आणि सोबतराव हे नाव त्यांना तिथेच पडलं होतं, कारण त्यांच्या कुठल्याही अर्जाच्या शेवटी 'सोबत' असा शब्द आणि त्याखाली जोडलेल्या कागदांची भली मोठी यादी असायचीच. एकदा तापासाठी रजा मागताना त्यांनी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सोलून जोडली होती. आयुष्यात त्यांचं एकच तत्त्व होतं: मागितलं नाही तरी जोडावं. बायको पीएच.डी.ला अर्ज करणार हे कळताच त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, कपाटावरून फाईल काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली.

"अर्जात फक्त तीन कागद मागितलेत," वहिनी म्हणाल्या.

"मागतात तीनच," सोबतराव म्हणाले. "मागणाऱ्याला काय कळतं?"

मग त्यांनी जन्माचा दाखला लावला. लग्नाचा दाखला लावला. वहिनींना शाळेत असताना लांब उडीत तिसरा क्रमांक मिळाला होता, ते प्रमाणपत्र लावलं. "अहो, समाजशास्त्राला लांब उडी कशाला?" तर म्हणाले, "प्रकृती धडधाकट आहे हे दिसतं." शेवटी त्यांनी फाईल तळहातावर तोलून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अजून काहीतरी हवं होतं.

"ना-देय दाखला कुठाय?"

विद्यापीठाचं पुस्तक, पैसा, काचसामान असं काही आपल्याकडे राहिलेलं नाही, असा तो दाखला. तो शिक्षण संपल्यावर घ्यायचा असतो, हे वहिनींनी सांगून पाहिलं.

"संपल्यावर सगळेच घेतात. तेव्हा रांग असते. आत्ता कुणी नाही. शेवटी लागणारच आहे, तर आत्ताच काढून ठेव, आणि एक प्रत यालाही जोडू."

"पण मला अजून पुस्तकं लागतील."

"मैत्रिणीच्या कार्डावर घे."

इथे वहिनींनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात त्या वेळी शिफारसपत्राचं घोंगडं भिजत पडलेलं होतं. त्यांच्या गाईड, म्हणजे प्रबंधाच्या मार्गदर्शक बाई, वहिनींहून चांगल्या दहा-बारा वर्षांनी लहान होत्या आणि सदैव कुठल्यातरी बैठकीतून निघून दुसऱ्या बैठकीला चाललेल्या असायच्या. चालता चालताच त्या म्हणाल्या होत्या, "ताई, शिफारसपत्र तुम्हीच लिहून आणा ना, मी सही करते." आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला लहानपणापासून स्वतःची स्तुती करू नये म्हणून बजावलं, तिने स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या नावाने करायची, आणि तीही ठरलेल्या शब्दसंख्येत? वहिनींनी 'ही विद्यार्थिनी बरी आहे' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

सोबतरावांनी कागद ओढून घेतला आणि एका दमात लिहिलं, 'सदर महिला नियमित व आज्ञाधारक असून तिच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही.'

"अहो, मी काय बदली मागतेय?"

सासूबाई पलीकडे वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण हे त्यांनी कधीच आड येऊ दिलेलं नाही. "लिही," त्या म्हणाल्या, "ही कुणाचं ऐकत नाही, पण हातात घेतलेलं काम सोडत नाही."

"आई, शिफारशीत असं लिहितात का?"

"मग राहू दे. खरं काय ते मी सांगितलं."

वहिनींनी कसंबसं पानभर लिहून नेलं. गाईडबाईंनी जिन्यातच उभ्या उभ्या ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, हे कुणाबद्दलही लिहिता येईल. घरचे काय म्हणतात तुमच्याबद्दल?" वहिनींनी रागारागाने सासूबाईंचं वाक्य सांगितलं. बाई हसल्या, तेच वाक्य पहिल्या ओळीत घातलं, सही केली आणि पुढच्या बैठकीला निघून गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारात सासूबाईंनी आपल्याबद्दल कौतुकाने काढलेलं हे एकच वाक्य, आणि त्यातही निम्मी तक्रार, हे वहिनींना घरी येईपर्यंत डाचत राहिलं.

त्याच तिरीमिरीत त्या दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेल्या आणि ना-देय दाखला मागितला. ग्रंथपालबाईंनी त्यांचं कार्ड घेतलं, कात्रीने त्याचा कोपरा कापला, कार्ड खणात टाकलं आणि दाखला हातात ठेवला. उद्या या नाही, साहेब जागेवर नाहीत नाही, काही नाही. विद्यापीठात एखादं काम पहिल्याच फेरीत झालं की माणसाने तिथल्या तिथे सावध व्हायला हवं. वहिनी मात्र खुशीत घरी आल्या. सोबतरावांनी दाखला फाईलला लावला, फाईल पुन्हा तोलली आणि या वेळी समाधानाने मान हलवली.

मग समोरच्या काकूंनी धीर दिला. त्यांचा मुलगा परदेशात पीएच.डी. करत होता. "सात वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "परवाच म्हणाला, आता विषय नक्की होत आलाय. तू अजिबात काळजी करू नकोस." वहिनींनी मनातल्या मनात चव्वेचाळिसात सात मिळवले आणि काकूंच्या घरचा चहा अर्धा टाकून उठल्या.

संस्थेचं उत्तर आलं ते मुलाखतीला बोलावणारं होतं. घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना वहिनींचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. 'आपण अर्जास जोडलेल्या ना-देय दाखल्यावरून आपण सदर अभ्यासक्रम सोडल्याचे दिसते. तरी आपण सध्या शिकत असल्याचा दाखला मुलाखतीस येताना सोबत आणावा. अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.'

"पाहिलंत?" वहिनी म्हणाल्या. "मागितला नव्हता तोच कागद त्यांनी आधी वाचला."

"पण वाचला ना?" सोबतराव म्हणाले. त्यांच्या कार्यालयात जोडलेले कागद कुणी वाचत नसे, त्यामुळे त्यांना संस्थेबद्दल आदर वाटायला लागला होता.

आता शिकत असल्याचा दाखला म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. वहिनी शिकतच होत्या. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यांच्या पिशवीत होतं. त्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि दाखला मागितला. आतल्या बाबूंनी क्रमांक विचारून संगणकात घातला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"तुम्ही नाही आहात," बाबू म्हणाले.

"म्हणजे?"

"गेलात तुम्ही. सोडून."

"कुठे गेले? ही काय मी तुमच्यासमोर उभी आहे."

"तशा आहात हो," बाबू समजुतीने म्हणाले. "यात नाही आहात." त्यांनी पडदा थोडा वळवून दाखवला. वहिनींच्या नावापुढे खरंच 'सोडून गेले' असं होतं, आणि तेही पुल्लिंगात. "ना-देय घेतलात ना तुम्ही? ना-देय माणूस जाताना घेतो. तो घेतला की नाव आपोआप निघतं."

"मी जायचं म्हणून नाही घेतला. लागेल म्हणून घेतला."

"कधी लागेल म्हणून?"

"गेल्यावर."

"मग गेलातच की," बाबू म्हणाले.

वहिनींचा पारा चढला. पण मागे रांग होती, आणि रांगेतली माणसं बाबूंच्या बाजूने चुळबुळत होती. बाबूंनी एक फॉर्म सरकवला. पुनर्प्रवेशाचा अर्ज. त्यात सोडून जाण्याचं कारण लिहायचं होतं आणि त्यासाठी रकाने होते: विवाह, आजारपण, नोकरी, स्थलांतर, निधन.

"निधन झालेला माणूस पुनर्प्रवेशाचा अर्ज कसा करेल?" वहिनींनी विचारलं.

"ते रकाने सगळ्या फॉर्मना सारखेच आहेत."

"मी गेलेच नव्हते, असा रकाना कुठाय?"

"गेलाच नसाल तर पुनर्प्रवेश कशाला पाहिजे?" बाबू म्हणाले. "आणि तसाही तो पुढच्या सत्रापासून मिळतो. एवढी घाई कसली होती?"

पुढचं सत्र म्हणजे पुढचं वर्ष. पुढचं वर्ष म्हणजे पंचेचाळिशी. वहिनी खिडकीपासून बाजूला झाल्या. आता नाव नाही म्हणून प्रबंध घेणार नाहीत, प्रबंध नाही म्हणून एम.ए. नाही, दाखला नाही म्हणून मुलाखत नाही. एका न मागितलेल्या कागदाने त्यांचं पुढचंही गेलं होतं आणि मागचंही.

दुसऱ्या दिवशी सोबतराव अर्धी रजा टाकून बरोबर आले. "तू बोलू नकोस," ते वाटेत म्हणाले. "कार्यालयात बोलायची एक पद्धत असते." वहिनींना जरा आधार वाटला. माणूस कसाही असला तरी शेवटी आपल्या बाजूचा आहे, असं त्यांच्या मनात आलं. सोबतराव खिडकीशी गेले, बाबूंना नमस्कार केला, आपण कुठे असतो ते सांगितलं. बाबूंचा चेहरा खुलला. त्यांनी सोबतरावांना आत बोलावलं, खुर्ची दिली. दोघांनी आवक कशी नोंदवतात, जावक कशी नोंदवतात, जुन्या फायली कुठे ठेवतात यावर चर्चा केली. बाबूंनी नियमांचं पुस्तक काढून एक पान दाखवलं. सोबतरावांनी ते बोट ठेवून वाचलं, मान डोलावली, पुन्हा वाचलं. चहाही झाला. वहिनी बाहेर उभ्याच होत्या.

सोबतराव बाहेर आले आणि म्हणाले, "तसं नियमाने बघितलं तर त्यांचं बरोबर आहे."

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या माणसाने आपल्याला कागदावरून पुसलं तर संताप येतो, पण घरच्या माणसाने ते पुसणं नियमाने तपासून बरोबर ठरवावं, याला काय म्हणायचं? त्या घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी गेल्यावरही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "तुमच्या मुलाला विचारा." मुलाने सगळं सांगितलं, नियमाच्या कलमासकट.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तिचा नवरा आहेस की खिडकी?"

सोबतराव उठून टेबलाशी जाऊन बसले आणि कुलगुरूंना विनंतीअर्ज लिहायला घेतला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, मजकूर लिहिला. शेवटी 'सोबत' असं लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. बायको शिकते आहे हे सिद्ध करणारा एकही कागद जोडायला नव्हता. जो होता तो उलटंच सांगत होता. वहिनींनी ते स्वयंपाकघरातून पाहिलं, आणि त्यांना वाईट वाटलं, पण तसं दाखवण्याइतका राग अजून उतरला नव्हता.

मुलाखत तोंडावर आली. वहिनी पुन्हा विद्यापीठात गेल्या. बाबू जेवायला गेले होते. खिडकी बंद होती. बाकं भरली होती, म्हणून वहिनी परीक्षा विभागाच्या जिन्यात बसल्या. त्यांच्या खाली, वर, दोन्ही अंगांना मुलंमुली फॉर्म गुडघ्यावर घेऊन बसलेली. आणि बोलणं चाललेलं. कुणाची सही कुठे मिळते, कोणत्या टेबलावर सकाळी जायचं आणि कोणत्यावर मुळीच जायचं नाही, कुठला शिक्का नसला तरी चालतो. वहिनींचे कान आपोआप टवकारले. वर्षभराची सवय होती.

"काकू, तुमचं काय अडलंय?" शेजारच्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

काकू हा शब्द वहिनींना लागला. त्या स्वतःला इथली विद्यार्थिनी समजत होत्या. पण आता तेही कागदोपत्री खरं नव्हतं, म्हणून त्यांनी तो गिळला आणि झालं ते सांगितलं.

"म्हणजे तुम्ही पण गेलात?" मुलगी म्हणाली. "मी पण गेले होते मागच्या वर्षी."

"मग परत कशा आलात?"

"खिडकीत नाही जायचं. ग्रंथालयात जायचं. कार्ड हरवलं असं लिहून द्यायचं, की ते दुसरं कार्ड देतात. कार्ड चालू झालं की नाव चालू होतं."

"हे त्या बाबूंना माहीत आहे?"

"आहे की. पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि काय विचारायचं हे ज्याला माहीत असेल त्याला विचारायची गरज काय?"

आत खोल्यांवर पाट्या होत्या, पाट्यांवर पदं होती, नियमांची पुस्तकं होती, आणि खरी वाट सांगायला पायरीवर बसलेली एक मुलगी लागली. एकीकडे संताप, एकीकडे आनंद. कारण हे त्यांच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं, शब्दन् शब्द.

ग्रंथपालबाईंनी कोरा कागद पुढे केला. "कार्ड हरवलं म्हणून लिहा."

"पण हरवलं नाहीये," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या खणात आहे. तुम्हीच टाकलंत."

"माझ्या खणात आहे, म्हणजे तुमच्याजवळ नाही ना?"

"नाही."

"मग?"

वहिनींनी आयुष्यात कधी खोटा अर्ज लिहिला नव्हता आणि आताही लिहिणार नव्हत्या. त्यांनी लिहिलं, 'माझे कार्ड ग्रंथपालांच्या उजवीकडच्या खणात, कोपरा कापलेल्या अवस्थेत हरवले आहे.' खाली सही केली. ग्रंथपालबाईंनी न वाचता शिक्का मारला आणि नवं कार्ड दिलं. वहिनी खिडकीशी गेल्या तेव्हा बाबू जेवून आले होते. त्यांनी क्रमांक घातला आणि वर पाहिलं.

"आलात?" ते म्हणाले, आणि शिकत असल्याचा दाखला छापून दिला.

"हे मला परवाच का नाही सांगितलंत?"

"परवा तुम्ही पुनर्प्रवेशाचं विचारलंत."

"मी नाही विचारलं. फॉर्म तुम्ही दिलात."

"दाखला नकोय का?" बाबूंनी विचारलं. वहिनींनी दाखला घेतला आणि पुढचे शब्द ओठांवरच थांबवले. त्यांचा घसा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुखत होता.

मुलाखत संस्थेच्या वरच्या मजल्यावर होती. तिथे लिफ्ट होती, चकचकीत, आरशाची. समितीच्या पाच जणांत मधोमध अध्यक्ष बसले होते. त्यांनी फाईल उघडली, लांब उडीच्या प्रमाणपत्राशी थोडे अडखळले, मग दोन कागद बाजूबाजूला ठेवले.

"तुमच्या गाईड लिहितात, ही कुणाचं ऐकत नाही, पण हातात घेतलेलं काम सोडत नाही. आणि हा दुसरा कागद म्हणतो, तुम्ही सोडून गेलात. यातलं खरं कोणतं?"

वहिनींनी उत्तरं पाठ करून नेली होती. संशोधन पद्धती, व्याप्ती, मर्यादा, सगळं. पण 'सोडून गेलात' हे शब्द ऐकले आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं वर आलं. त्यांनी शिकत असल्याचा दाखला अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. कार्डाचा कोपरा, निधनाचा रकाना, खिडकीतला चहा, पायरीवरची मुलगी.

"आत्ता मी तुमच्या लिफ्टने वर आले," त्या म्हणाल्या. "बरोबर आणखी चौघं होती. सगळी आकड्यांकडे बघत होती. ती पण मुलाखतीलाच आली आहेत हे मला वर आल्यावर कळलं. जिन्याने आलो असतो तर एव्हाना एकमेकांचे विषय आणि अडचणी कळल्या असत्या. आमच्या विद्यापीठात लिफ्ट असती ना, तर मी आज इथे नसते. गेले असते, नियमाने, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. जिन्यातलं बोलणं म्हणजे चकाट्या नव्हेत. ज्याला खिडकीत कुणी उभं करत नाही त्याचं सगळं काम तिथे होतं."

मग कोपऱ्यातल्या एक बाई म्हणाल्या, "हे तुमच्या प्रस्तावात का नाही?"

"प्रस्ताव लिहिला तेव्हा मी अजून सोडून गेले नव्हते," वहिनी म्हणाल्या.

सगळे हसले. अध्यक्ष तर चष्मा काढून हसले. वहिनींना ते मुळीच आवडलं नाही. त्या विनोद करत नव्हत्या.

निवड झाली. अट एकच, रुजू व्हायच्या आधी एम.ए. पुरं हवं. वहिनींनी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं, त्यात परीक्षा विभागाचा जिना घातला, प्रबंध दिला, आणि निकाल वेळेत लागला. सोबतरावांनी या काळात कसलाही सल्ला दिला नाही. ते फक्त पानांना क्रमांक घालून देत आणि न बोलता कपबशा विसळून ठेवत. खिडकीच्या दिवसाबद्दल घरात दोघंही काही बोलले नव्हते.

रुजू व्हायच्या शेवटच्या दिवशी संस्थेतल्या कारकूनबाई एकेक कागद मागत होत्या आणि वहिनी देत होत्या. गुणपत्रक. दिलं. पदवीचा तात्पुरता दाखला. दिला.

"ना-देय दाखला."

वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली. या दाखल्याची त्यांनी एवढी धास्ती घेतली होती, की शिक्षण खरोखर संपल्यावर तो पुन्हा घ्यायचा असतो हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं. आणि विद्यापीठाचं ग्रंथालय पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद होतं.

"आजच पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"आज शेवटचा दिवस आहे," बाई म्हणाल्या आणि सवयीने जुनी फाईल चाळायला लागल्या. मग थांबल्या. "हा काय, आहे की. तुम्ही अर्जालाच जोडला होतात. मागितला नसताना." तारीख न बघता त्यांनी त्यावर बरोबरची खूण केली. "एवढी दूरदृष्टी कुणाला नसते हो."

वहिनींचं नाव नोंदलं गेलं. त्या बाहेर आल्या. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आधी रागच आला. ज्या कागदाने जीव टांगणीला लावला तोच शेवटी कामाला यावा, म्हणजे आता रागवायचं तरी कुणावर? एक मात्र त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ही गोष्ट घरी मरेपर्यंत सांगायची नाही.

लिफ्ट सोडून त्या जिन्याने उतरल्या. खालच्या पायरीवर सोबतराव बसले होते. कार्यालयातून परस्पर आलेले, मांडीवर कागदांची पिशवी.

"काही कमी पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "काही कमी पडलं नाही."

सोबतरावांनी पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, तेव्हा वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. वरून कुणी उतरत होतं, दोघांनी पाय जवळ घेतले. तो माणूस गेल्यावर सोबतराव समोर बघत म्हणाले, "त्या दिवशी मी खिडकीच्या बाजूने बोलायला नको होतं. तू बाहेर उभी होतीस आणि मी आत चहा घेतला. घरी सांगीन सांगीन म्हणत होतो."

वहिनींचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला, कारण आपला विषय असा आपल्यावरच उलटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तो ना-देय दाखला," शेवटी त्या म्हणाल्या, "आज उपयोगी पडला. त्याच्यामुळेच झालं."

हे त्यांना बोलायचं नव्हतं. घरात असत्या तर बोलल्याही नसत्या. सोबतरावांनी हळूहळू मान वळवली. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की वहिनींना आपली चूक तत्काळ कळली.

"मी काय म्हणतो," सोबतराव पिशवीत हात घालत म्हणाले, "इथलाही शेवटी लागणारच आहे. आत्ता रांग नाहीये. तर आत्ताच—"

वहिनी उठल्या आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना फाटकाबाहेर घेऊन गेल्या. संस्थेतला पहिलाच दिवस होता, आणि इतक्यात तिथूनही सोडून जायची त्यांची तयारी नव्हती.